1.81 बरोबर दिसलं, म्हणूनच फसलो

मी जिंतूरकडचा, लग्नाचं शूटिंग करतो. दोन वर्षांपूर्वी परभणीच्या एका दुकानातून 1 टीबीची हार्डडिस्क घेतली. घरी लॅपटॉपला लावली तर 931 जीबी! मी तसाच गाडी काढून परत गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला नको ते बोललो. तो बिचारा शांतपणे कॅल्क्युलेटर घेऊन बसला. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, म्हणून 1 टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट. विंडोज 1024 च्या हिशोबाने मोजतं. त्या आकड्याला तीनदा 1024 ने भागलं की येतात 931. माल पूर्णच होता, मापं दोन होती.

आमचे आजोबा निजामाच्या राज्यातले. त्यांच्या काळात बाजारात भाव ठरवताना विचारायचे, "हाली की कलदार?" हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. सात हाली दिले तर साधारण सहा कलदार यायचे, आणि नाव दोघांचंही रुपयाच. जीबीचं तसंच आहे. हा घोळ मिटावा म्हणून 1998 साली 1024 वाल्या मापांना किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावंही दिली गेली, पण विंडोज आजही मोजतं गिबीबाइट आणि लिहितं जीबी. मॅकने 2009 पासून हजाराचा हिशोब धरला. जुन्या फ्लॉपीची तर गंमतच. 1.44 एमबी लिहिलेल्या फ्लॉपीत 14,74,560 बाइट मावायचे. हजाराने मोजा, 1.47 येतात, 1024 ने मोजा, 1.41. छापलेला 1.44 कुठल्याच हिशोबात बसत नाही, कारण तो काढताना एकदा 1024 आणि एकदा हजार वापरलाय.

हे सगळं कळल्यावर मी स्वतःला शहाणा समजायला लागलो. येईल त्याला सांगायचो, 64 चा पेनड्राइव्ह 59.6 दाखवणार, 2 टीबी 1.81 दाखवणार. आणि नेमका तिथंच नडलो.

गेल्या लग्नसराईत छत्रपती संभाजीनगरात ओळखीच्याच्या ओळखीने एक जण भेटला. 2 टीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, हाताच्या बोटाएवढी, फक्त 2,200 रुपयांना. भाव ऐकूनच मी उठायला पाहिजे होतं. पण त्याने लॅपटॉपला लावून दाखवली आणि पडद्यावर आलं 1.81 टीबी. खोटं असतं तर गोल दोन दिसलं असतं, असं मला वाटलं. पक्कं बिल मागितलं नाही. कागदाच्या चिठोऱ्यावर रक्कम लिहून दिली, तेवढीच.

दोन दिवसांचं लग्न होतं. माझा कॅमेरा 4के ला सेकंदाला 100 मेगाबिट लिहितो. बिट, बाइट नव्हे. आठाने भागले की साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासाला 45 जीबी. सगळं त्या एसएसडीत टाकलं, फाइलींची नावं दिसली, आकार दिसले, आणि मी कार्डं पुसून दुसऱ्या लग्नाला निघालो.

आठवड्याने एडिटिंगला बसलो. हळदीच्या पहिल्या सव्वा तासाच्या फाइली उघडल्या. मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी, काही उघडेना.

डबी फोडली तर आत छोट्या बोर्डावर गोंदाने चिकटवलेलं मोबाइलमधलं मेमरी कार्ड. 64 जीबीचं. अशा डबीतल्या कंट्रोलरला, म्हणजे ती चालवणाऱ्या चिपला, आधीच खोटं पढवलेलं असतं: कॉम्प्युटरने विचारलं की 2 टीबी सांग. विंडोज बिचारं त्या सांगण्यालाच 1024 ने भागतं आणि इमानदारीत 1.81 लिहितं. खरी जागा संपल्यावर येणारा डेटा एक तर हवेत जातो, नाही तर जुन्यावरच लिहिला जातो, आणि चूक झाली म्हणून कुणी सांगत नाही. मी भागाकार तपासला, पण भागायचा आकडाच खोटा होता.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "दादा, 1.81 दिसतंय ना?" ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन लावला, तिथे बिल मागितलं. माझ्याकडे चिठोरा. दुसऱ्या कॅमेऱ्यावरचं थोडंफार मिळालं, त्यावर व्हिडिओ जोडला, आणि मुलीच्या वडिलांना निम्मे पैसे परत केले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता नवीन काहीही घेतलं की एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने ते काठोकाठ भरतो आणि परत वाचून पडताळतो. 2 टीबीला सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने नुसतं भरायलाच साडेपाच तास लागतात, वाचायला तेवढेच. लागू द्या. तोवर कार्ड पुसत नाही.

परवा पुन्हा परभणीच्या त्याच दुकानात गेलो. त्याने डिस्क काढली, पक्कं बिल फाडलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "1.81 दिसेल बरं का भाऊ. भांडायला येऊ नका."