टेन्स मशीन : आठ महिने वापरल्यानंतर खरंखुरं

आधीच सांगून टाकतो, हे दुखण्यावर करंट देणारं मशीन चालतं. पण विकणाऱ्याने ज्या कामासाठी गळ्यात मारलं त्या कामासाठी नाही चालत. पाचपैकी साडेतीन. दीड कापला, त्यातला एक पॅडसाठी आणि अर्धा त्या विकणाऱ्याच्या तोंडासाठी.

आता मला हे का घ्यावं लागलं ते सांगतो, कारण त्याशिवाय बाकीचं समजणार नाही. अमळनेरला आपलं कापडाचं दुकान, जुन्या पद्धतीचं, गादीवरचं. चपला बाहेर, मांडी घालून बसायचं आणि गिऱ्हाईक समोर. म्हणजे माझे पाय दिवसभर लोकांच्या नजरेसमोर. दोन वर्षांपूर्वी डाव्या तळव्यात जळजळ सुरू झाली, मिरची लागल्यासारखी, आणि पोटरीत आतून ठणका. वाटलं बसून बसून होत असेल. चार-पाच महिन्यांनी बोटं हलायला लागली. आपोआप हो, मी काही करत नाही. अंगठा वर उठतो, बाकीची पंख्यासारखी फाकतात, मग सावकाश आत वळतात, की पुन्हा फाकतात. गोगलगाय शिंगं काढते आणि आत घेते ना, तशी चाल. जोर लावून जमिनीवर दाबली तर थोडा वेळ थांबतात, हात काढला की परत चालू. झोपेत बंद असतात असं बायको म्हणते, तिनेच बॅटरी लावून बघितलंय.

आणि रात्री कधी कधी गोळा. पोटरीतला गोळा सगळ्यांना माहीत असतो, हा तळव्यातला. झोप लागायच्या बेतात असलो की पूर्ण पाऊल धनुष्यासारखं वाकतं, अंगठा एकीकडे आणि बाकीची बोटं दुसरीकडे, दात ओठ खाऊन उठायचं आणि गार फरशीवर उभं राहायचं.

एकदा एक मावशी पारोळ्याहून लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या, तासभर साड्या बघितल्या आणि शेवटी म्हणतात, "भाऊ, तुमना पाय काय नाची राहीना?" सगळे हसले, मीपण हसलो. तेव्हापासून पायावर एक कटपीस टाकून बसतो.

उपाय म्हणाल तर सगळे केले. नस बसवणाऱ्याकडे गेलो, त्याने असा झटका दिला की दोन दिवस लंगडत होतो. काशाच्या वाटीने तळवे घासले, त्याने झोप छान लागते, बाकी काही नाही. कोणी म्हणे मंगळ आहे, आता मंगळग्रहाचं मंदिर आपल्याच गावात, लोक कुठून कुठून येतात तिथे, मग मीपण अभिषेक करून आलो. डॉक्टरांकडे शुगर नॉर्मल, बी-ट्वेल्व्ह थोडं कमी निघालं, इंजेक्शनं घेतली, फरक शून्य. कमरेच्या एमआरआयमध्ये एका चकतीला किंचित फुगवटा, डॉक्टर म्हणे या वयात एवढं चालायचंच. मग एनसीव्ही, म्हणजे पायाला ठिकठिकाणी छोटे शॉक देऊन नसेतून करंट किती वेगाने जातो ते मोजतात, आणि त्याच्या पुढे स्नायूत सुई घालून बघतात. ती सुई लक्षात राहील माझ्या.

शेवटी जळगावला एका मेंदूविकारवाल्या डॉक्टरांनी काय केलं माहितीये? काहीच नाही, नुसते दहा मिनिटं माझ्या पायाकडे बघत बसले. मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि नाव सांगितलं : पेनफुल लेग्ज अँड मूव्हिंग टोज. मी म्हटलं डॉक्टर हे तर नुसतं वर्णन झालं, दुखणारे पाय आणि हलणारी बोटं, नाव सांगा. ते म्हणे हेच नाव आहे. १९७१ साली इंग्लंडच्या डॉक्टरांनी सहा पेशंटवरून पहिल्यांदा लिहिलं म्हणे. कारण कधी नसेत सापडतं, कधी मणक्यातून निघणाऱ्या मुळाशी, कधी जुनी इजा असते, आणि बऱ्याच जणांत काहीच सापडत नाही. मी त्या शेवटच्या टोळीतला. रेस्टलेस लेग नाही हे पण समजावलं, त्यात पाय हलवावासा वाटतो आणि हलवला की बरं वाटतं. इथे मला कोणी विचारतच नाही, बोटं परस्पर हलतात आणि हलून आरामपण नाही.

खोटं कशाला बोलू, नाव कळलं त्या दिवशी बसस्टँडवर दोन प्लेट भजी खाल्ली.

गोळी दिली, गॅबापेंटिनची. दुखणं थोडं कमी झालं पण सुरुवातीला अशी गुंगी यायची की अडीच मीटरच्या जागी साडेतीन मीटर कापड फाडून बसलो. डोस कमी करून घेतला डॉक्टरांना विचारून. गोळीच्या जोडीला काही करता येईल का म्हटलं तर त्यांनी फिजिओकडे पाठवलं, आणि तिथे या मशीनची ओळख झाली.

टेन्स म्हणजे आपल्याकडे ज्याला लोक करंटचं मशीन म्हणतात. मोबाइलएवढा डबा, दोन वायरी, चार चिकट पॅड. कोपर आपटलं की आपण चोळतो आणि बरं वाटतं, बस तोच प्रकार, कातडीवरून बारीक करंट दिला की दुखण्याचा निरोप मणक्यातच अडवला जातो. मेल्झॅक आणि वॉल नावाच्या दोघांनी १९६५ मध्ये हा फाटकाचा सिद्धांत मांडला, असं फिजिओ मॅडमनी सांगितलं. त्यांनी चार सिटिंग दिल्या आणि स्पष्ट बोलल्या, "दादा, हे दुखण्यासाठी आहे, बोटं थांबायची आशा ठेवू नका." विकणारा मात्र, दुकानाचं नाव घेत नाही, म्हणे पंधरा दिवसात बोटं गप होतील, नाही झाली तर पैसे परत. बावीसशे रुपये घेतले.

बोटं अजून हलतायत. पैसे मागायला गेलो तर, "पॅड उघडलं ना भाऊ, आता रिटर्न नाही." अरे पॅड न उघडता लावायचं कसं ते तरी सांग ना भो.

आता मशीनबद्दल. एक पॅड आतल्या घोट्याच्या मागे, दुसरं पोटरीवर, ही जागा फिजिओ मॅडमनी पेनाने खूण करून दाखवली, घोट्याच्या मागून तळव्याची मोठी नस जाते म्हणून. फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती झटके, ती शंभरच्या आसपास ठेवतो, मुंग्या आल्यासारखं, फोन व्हायब्रेटवर पायाखाली राहिल्यासारखं वाटतं. दोन-चारवर टाकलं तर ठोके पडतात, ते मला नाही मानवत. अर्धा तास लावतो. दहापैकी सातवर असलेली जळजळ चारवर येते आणि मशीन काढल्यावरही तासभर, कधी सव्वा तास बरं असतं. तेवढ्यात झोप लागली तर जिंकलो.

पण एकदा शहाणपणा केला. जास्त करंट म्हणजे जास्त आराम असं समजून करंटचा आकडा चौदापर्यंत चढवला, तर मशीनने स्वतःच बोटं उडवायला सुरुवात केली. माझी बोटं एका तालात, मशीन दुसऱ्या तालात, आणि दोघांच्या भांडणात तो तळव्याचा गोळा आला. मशीन बंद करायला हातच पोचेना, मुलाने येऊन वायर उपटली. म्हणून सांगतो, जोरात जाणवेल पण दुखणार नाही एवढंच ठेवा, मी आठच्या वर जात नाही.

पॅडचा मात्र वैताग आहे. आमच्या दुकानात कापडाचे तंतू हवेत असतात, पॅड उघडं राहिलं की पाच मिनिटांत त्याला लोकर फुटते. पाण्याचा एक थेंब बोटाने पसरला की पुन्हा चिकटतं, पण किती वेळा? आणि खान्देशातला मे महिना, चव्वेचाळीस डिग्री, पायाला घाम, पॅड सुटून चादरीला चिकटतं. अर्धं सुटलेलं पॅड सगळ्यात वाईट, सगळा करंट एका कोपऱ्यात सुईसारखा टोचतो. पाय नीट धुऊन पुसून लावा, तेल लावलेल्या पायाला तर अजिबात नाही. केस असतील तर कात्रीने बारीक करा. नवा सेट दोनशे-अडीचशेला पडतो आणि माझा महिना-सव्वा महिना टिकतो, म्हणजे वर्षाला मशीनएवढेच पैसे पॅडचे, हे विकताना कोणी सांगत नाही.

चार्जिंगची तक्रार नाही, आठवडाभर जातं, लाइट गेली तरी अडत नाही. एका वायरीची पिन ढिली आहे, तिला रबरबँड लावलंय.

शेजारचे काका, त्यांना पेसमेकर आहे, ते मागायला आले होते कंबरेसाठी. दिलं नाही, थोडे नाराज झाले, पण पेसमेकरवाल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातातसुद्धा घ्यायचं नाही. शुगरमुळे पाय बधिर असतील, जखम असेल, तर तिथेही नको, चटका बसलेला कळणार नाही. आणि घ्यायच्या आधी फिजिओकडे दोन-चार वेळा लावून बघा, तिथे फरक पडला तरच घ्या, बावीसशे वाचतील.

घरात अजून एक अडचण झालीये. माझ्या आईने एकदा गुडघ्याला लावून बघितलं, आता रात्री नऊ ते साडेनऊ तिचे गुडघे आणि मग माझा नंबर. तिचं झालं की पॅडवर बाम लागलेला असतो.