गडावरच्या मुक्कामात शिधा कशात ठेवावा: नायलॉनची पिशवी, प्लास्टिकची बरणी की स्टीलचा डबा?

गडावर एका रात्रीचा मुक्काम ठरला की बूट, तंबू आणि स्लीपिंग बॅग यांच्यावर आठवडाभर चर्चा होते. शिधा कशात न्यायचा हा प्रश्न मात्र निघण्याच्या आदल्या रात्री, ओट्यापाशी उभे राहून, हाताला येईल त्या पिशवीने सुटतो. सह्याद्रीत ही निवड वजन आणि किंमत एवढ्यावर करून भागत नाही. ज्या गुहेत किंवा देवळाच्या ओसरीवर आपण पथारी टाकणार, तिथे आधीपासून वस्तीला असलेले प्राणी काय खातात आणि ते कसे मिळवतात, हे पाहूनच ती करावी असे माझे मत आहे.

या बाबतीत सर्वांत मोठा वाटा उंदरांचा. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांच्या फक्त पुढच्या बाजूला कठीण इनॅमल असते आणि मागची बाजू मऊ असल्यामुळे लवकर झिजते, म्हणून दाताला पटाशीसारखी धार आपोआप येत राहते. या धारेपुढे कापड, लाकूड, प्लास्टिक आणि पातळ ॲल्युमिनियमसुद्धा टिकत नाही. स्टेनलेस स्टील मात्र टिकते. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. कुरतडायला सुरुवात करण्यासाठी उंदराला एखादी कड लागते. गुळगुळीत आणि जबड्यात न मावणाऱ्या गोल पृष्ठभागावर त्याचे दात निसटतात, पण झाकणाची पातळ किनार, शिवण किंवा चेन मिळाली की त्याचे काम सुरू होते. म्हणजे भांडे कशाचे आहे याइतकेच ते कोणत्या आकाराचे आहे, हेही पाहावे लागते.

काही वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडावरच्या एका लेण्यात आम्ही मुक्काम केला होता. माझ्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात शेंगदाण्याच्या चिक्कीचे पाकीट राहून गेले होते. पहाटे टॉर्च लावून पाहिले, तर कप्प्याच्या तळाच्या शिवणीला अंगठा जाईल एवढे गोल भोक पडले होते, खाली दगडावर निळ्या नायलॉनच्या धाग्यांचा चुरा सांडला होता, आणि चेन जशी लावली होती तशीच बंद होती. शेजारीच सहकाऱ्याची प्लास्टिकची बरणी होती. तिच्या झाकणाच्या कडेवर दोन-दोन रेघांच्या जोड्या ओळीने उमटल्या होत्या. बरणी फुटली नव्हती, पण आणखी एक रात्र मिळाली असती तर टिकली असती असे मला वाटत नाही. स्टीलच्या डब्यातले पोहे जसेच्या तसे होते.

नायलॉनच्या पिशव्यांबद्दल, विशेषतः गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशव्यांबद्दल, एक गैरसमज दिसतो. त्या पाणी अडवतात, म्हणून प्राणीही अडवतील असे मानले जाते. पावसाळ्यात तांदूळ-डाळ कोरडी ठेवायला त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही, वजनही नगण्य. पण उंदराच्या दातापुढे ते कापडच आहे. पिशवी दोरीने खुंटीला टांगली तरी उंदीर दोरीवरून उतरतात.

उत्तर अमेरिकेत काळ्या अस्वलांपासून शिधा वाचवण्यासाठी जाड प्लास्टिकचे गोल, गुळगुळीत पिंप वापरतात. योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानात मुक्कामी जाणाऱ्यांना ते बाळगणे सक्तीचे आहे. तत्त्व वर सांगितलेलेच आहे: जबड्यात मावू नये आणि पकडायला कड नसावी. असे पिंप रिकामेच साधारण किलोभर भरते. आपल्याकडचे अस्वल प्रामुख्याने वाळवी, मुंग्या, मध आणि फळे खाते, आणि घाटमाथ्यावरच्या नेहमीच्या गडांवर त्याची गाठ पडण्याचा प्रसंग बहुधा येत नाही. त्यामुळे एका रात्रीसाठी हा भार वाहण्यात मला अर्थ दिसत नाही.

आता माकडे आणि वानरे. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, आणि इथे तो फरक कामाचा आहे. काळ्या तोंडाचे वानर मुळात पाला खाणारे. त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असते आणि त्यात पाला आंबवून पचवला जातो. लाल तोंडाचे माकड फळे, बिया, किडे असे मिळेल ते खाते, आणि त्याच्या गालात पिशव्या असल्याने हाती लागलेले आधी गालात कोंबून नंतर सावकाश खाते. म्हणूनच ते झडप घालून क्षणात पसार होते. पर्यटकांच्या हातून खाण्याची सवय लागलेली वानरेही आता पोळी-बिस्किटांवर येतात, हेही खरे.

माकडाचा भर दातांपेक्षा हातांवर आणि डोळ्यांवर असतो. प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ त्याला ओळखू येते, आणि सैल बसलेले झाकण ते सहज काढते. माकडासमोर त्यामुळे स्टील की प्लास्टिक हा प्रश्न गौण ठरतो. झाकण फिरकीचे किंवा चापाचे असावे आणि डबा सॅकच्या आत, नजरेआड असावा. डबा त्याच्या हाती लागलाच, तर ओढाताण करू नये. माकडाच्या चाव्यानंतर रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा लागतो, आणि पोह्यांची किंमत तेवढी नाही.

स्टीलच्या डब्यात एक उणीव आहे, ती मुंग्यांची. दाबून बसवायच्या साध्या झाकणाच्या फटीतून मुंग्या गुळापर्यंत पोहोचतात. म्हणून झाकणात रबराची किंवा सिलिकॉनची कडी असलेला, दोन्ही बाजूंना चाप असलेला डबा घ्यावा. ती कडी आतल्या बाजूला दडलेली असावी. बाहेर डोकावत असेल तर उंदीर तीच कुरतडतो.

रात्र गुहेत, देवळात किंवा गडाखालच्या घराच्या पडवीत काढायची असेल, तर मी स्टीलचाच डबा घेईन. दीड-दोन लिटरच्या डब्याचे पाव ते अर्धा किलो वजन दोघांनी वाटून घेता येते, आणि त्याच डब्यात सकाळी चहाचे पाणीही उकळता येते, मात्र त्या वेळी झाकण बाजूला ठेवावे. नायलॉनची पिशवी सोबत असावी, पण कच्चा शिधा पावसापासून वाचवण्यापुरती. रात्री तिच्यातले सगळे डब्यात जावे. सॅक रिकामी करून तिचे कप्पे उघडे ठेवावेत, म्हणजे उंदीर आत शिरला तरी बाहेर पडण्यासाठी भोक पाडणार नाही. उंदराने तोंड लावलेले अन्न, कितीही थोडे असले तरी, टाकून द्यावे आणि भांडी धुतल्याशिवाय वापरू नयेत, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदरांच्या लघवीतून पसरतात.

संध्याकाळपर्यंत खाली उतरायचे असेल, तर फिरकीच्या झाकणाची जाड प्लास्टिकची बरणी पुरेशी आहे. दिवसा प्रश्न माकडांचा असतो, आणि तो बरणीपेक्षा आपण जेवायला कुठे बसतो यावर अधिक अवलंबून असतो.