यीस्ट इन्फेक्शनला प्रोपोलिस लावायचं की मेडिकलमधलं क्लोट्रिमॅझोल?

हल्ली प्रोपोलिसचे, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातल्या चिकट राळेचे, स्प्रे, थेंब, कॅप्सूल, क्रीम सगळंच ऑनलाइन मिळतं आणि बाटलीवर अँटीफंगल असं ठळक लिहिलेलं असतं, त्यामुळे खाज सुटली, अंगावरून पांढरं जायला लागलं की बऱ्याच जणी आधी तेच मागवतात, कारण डॉक्टरसमोर हे बोलायची लाज वाटते आणि मेडिकलमध्ये चार पुरुष उभे असतात तिथे काय मागणार. ही अडचण खरी आहे. तरी माझं मत आधीच सांगते, योनीतलं यीस्ट इन्फेक्शन असेल तर क्लोट्रिमॅझोल हे बुरशीवरचं औषधच घ्या. प्रोपोलिसचा विचार कवळीखाली होणाऱ्या इन्फेक्शनसाठी करता येईल, तोही डेंटिस्टला विचारूनच.

आता का ते बघू. प्रोपोलिस म्हणजे मधमाश्या झाडांच्या कळ्यांवरचा, सालीवरचा चिकट राळेसारखा पदार्थ गोळा करतात, त्यात मेण मिसळतात आणि पोळ्यातल्या फटी बुजवतात, ते. हे इन्फेक्शन करणाऱ्या कॅन्डिडा या यीस्टवर, म्हणजे बुरशीवर, लॅबमध्ये ते खरंच काम करतं, यात काही थाप नाही. वाढ थांबते, यीस्टचे ते लांब धागे फुटतात ते कमी होतात, आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या काही कॅन्डिडावर पण परिणाम दिसलाय. पण कुठलं प्रोपोलिस? युरोपातलं मुख्यतः पॉप्लरच्या कळ्यांमधून येतं, त्यात पिनोसेम्ब्रिन, गॅलॅन्जिन असले फ्लेव्होनॉइड्स, म्हणजे झाडांमधली रसायनं, असतात. ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपातून येतं, त्यात आर्टेपिलिन सी असतं. तिथलंच लाल आणखी वेगळं. आणि आपली सातेरी माशी तर प्रोपोलिस जवळजवळ गोळाच करत नाही, ते काम मेलीफेरा या पाळीव युरोपियन माशीचं, म्हणजे इथल्या बाटलीतला माल कुठल्या झाडांचा हे लेबलवरून बहुतेक वेळा कळतच नाही. ३०% लिहिलेलं असलं तरी त्यातून यीस्टला मारणारं नेमकं किती आहे हे समजत नाही, आणि एका बाटलीने गुण आला म्हणून दुसरीने येईलच असं धरता येत नाही.

क्लोट्रिमॅझोलचं तसं नाही. यीस्टच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं, ते बनणंच हे औषध अडवतं, डोस ठरलेला आहे, योनीत ठेवायची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी किंवा १०० मिलिग्रॅमची सहा-सात रात्री. या गटातल्या औषधांचा कोर्स पूर्ण केला तर १०० पैकी ८० ते ९० जणींना आराम पडतो. जेनेरिक घेतलं तर स्वस्तही पडतं. प्रोपोलिसच्या योनीमार्गाच्या क्रीमवर काही छोटे अभ्यास झालेत, पण ते खास बनवलेलं क्रीम होतं, घशाचा स्प्रे किंवा अल्कोहोलमधला अर्क नव्हता. कृपा करून तो अर्क आत लावू नका! आधीच सोललेल्या नाजूक त्वचेवर अल्कोहोल म्हणजे भयंकर आग होते.

क्लोट्रिमॅझोलचे तोटे पण आहेत, थोडी जळजळ होऊ शकते, क्रीम गळतं, आणि तेलकट क्रीममुळे लॅटेक्सचा कंडोम कमजोर होतो हे कुणी सांगतच नाही. प्रोपोलिसचा तोटा म्हणजे अ‍ॅलर्जी. नैसर्गिक आहे म्हणून सौम्य असेल असं वाटतं पण त्याची त्वचेची अ‍ॅलर्जी चांगली माहितीतली आहे, मधमाशीपालन करणाऱ्यांच्या हातांवर पण पुरळ येतं. आणि गंमत नाही ही, इन्फेक्शनची खाज आणि अ‍ॅलर्जीची खाज सारखीच वाटते, त्यामुळे बाई वाढलं म्हणून आणखी लावत बसते.

प्रेग्नन्सीत तर प्रश्नच नको. तिथे सात दिवस योनीत लावायचं क्लोट्रिमॅझोल डॉक्टर देतात, तोंडावाटे घ्यायची फ्लुकोनॅझोल टाळतात, आणि प्रोपोलिस घरच्या घरी करून बघायची ही वेळ नाही.

कवळीचं प्रकरण वेगळं आहे. कवळीखाली टाळू लाल होते, त्यावर ब्राझीलमध्ये प्रोपोलिसचं जेल आणि मायकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचं जेल समोरासमोर तपासलंय, दोन्हीकडे बऱ्यापैकी सारखा फरक पडला. अभ्यास लहान आहेत, पण मला हे आशादायक वाटतं, विशेषतः आजी-आजोबा रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेत असतील तर, कारण मायकोनॅझोलचं तोंडातलं जेल पण वॉरफेरिनचा परिणाम वाढवतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी डेंटिस्टला दुसरा पर्याय विचाराच. फक्त रात्री कवळी काढून ठेवणं आणि रोज घासणं केलं नाही तर कुठलंच जेल टिकणार नाही.

आणि मुळात हे यीस्टच आहे का? दह्याच्या गुठळ्यांसारखं पांढरं, वास फारसा नाही, खाज खूप, असं असेल तर शक्यता जास्त. माशासारखा वास, हिरवट पिवळं पाणी, ओटीपोटात दुखणं, ताप, फोड असं काही असेल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि तपासून घ्या, कारण बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनवर अँटीफंगलचा उपयोग नाही. पहिल्यांदाच होत असेल तरी एकदा दाखवलेलं बरं.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा होत असेल तर बाटली बदलू नका, कल्चर, म्हणजे कुठलं यीस्ट आहे ते लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, करायला सांगा. कॅन्डिडाची ग्लॅब्राटा नावाची जात असेल तर नेहमीची औषधं कमी चालतात आणि उपचार वेगळे असतात. शुगर तपासा. डायबेटिसच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात, त्यामुळे हे इन्फेक्शन वाढतं, बायकांना आणि पुरुषांनाही, पण लाजेपोटी कोणी बोलत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना सरळ सांगा की ही सुरू झाल्यापासून खाज सुटते.