स्वस्तातला ड्रोन की महागडं क्षेपणास्त्र, पैसे कशात घालावे?

माझा फोंड्याचा भाचा एसएसबीची (सैन्यात अधिकारी निवडायच्या परीक्षेची) तयारी करतोय, आणि त्याच्या ग्रुपात सध्या एकच वाद चाललाय की ब्रह्मोससारख्या कोट्यवधींच्या क्षेपणास्त्रांपेक्षा त्याच पैशात हजारो स्वस्त ड्रोन का घेऊ नयेत, जे एकदाच जातात, टार्गेटवर आपटतात आणि संपतात. "मामा, मी कुठली बाजू घेऊ?" म्हणून त्याने विचारलं. त्याच्यासाठी, आणि ज्यांना ह्यावर मत ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी किंमत बघू, कारण वाद तिथूनच सुरू होतो. असा एकदाच जाणारा ड्रोन म्हणजे इराणचा शाहेद-136, रशिया त्याला गेरान-2 म्हणतो आणि आपल्या तातारस्तान प्रांतात अलाबुगाला त्याची फॅक्टरीच टाकलीय. लांबी साडेतीन मीटर, वजन 200 किलोच्या आसपास, पुढे साधारण 50 किलो स्फोटकं आणि मागे छोटं पिस्टन इंजिन, आवाज मोपेडसारखा. किंमतीचे अंदाज 20 ते 50 हजार डॉलर, म्हणजे साधारण 17 ते 42 लाख रुपये. अमेरिकेचं टॉमाहॉक क्षेपणास्त्र 20 लाख डॉलरच्या घरात. म्हणजे एकाच्या पैशात पन्नासेक शाहेद. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ड्रोन जिंकला म्हणून मोकळे होतात, ते मला पटत नाही.

कारण समजा पन्नास सोडले आणि त्यातले पाचच पोचले, तर पाच वेगवेगळ्या जागी पन्नास पन्नास किलो. टॉमाहॉक एका जागी 450 किलो टाकतं. तेलाची टाकी, ट्रान्सफॉर्मर, उघड्यावर उभं विमान ह्यांना पन्नास किलो पुरे, पण जाड काँक्रीटचा बंकर किंवा मोठा पूल त्याने पडत नाही. मग उरलेले पंचेचाळीस वाया गेले का? तर नाही, आणि खरी मेख इथे आहे. ते पाडायला समोरच्याने काय खर्च केलं ते बघा. पॅट्रियट ह्या अमेरिकी एअर डिफेन्स यंत्रणेचं एक नवीन पीएसी-3 क्षेपणास्त्र 40 लाख डॉलरच्या आसपास पडतं, ते अशा ड्रोनवर उडवायचं म्हणजे दिवाळं, आणि पैसे असले तरी ती क्षेपणास्त्रं तेवढ्या वेगाने बनत नाहीत.

पण हे जमायला रोज सोडता येतील इतके ड्रोन लागतात. एप्रिल 2024 मध्ये इराणने इस्रायलवर एका रात्रीत 170 च्या आसपास ड्रोन सोडले, ते जवळजवळ सगळे वाटेतच पाडले गेले, कारण ताशी 185 किमी वेगाने हजार किलोमीटर यायला पाच तासांच्या वर लागतात आणि तेवढ्या वेळात समोरचे तयार होऊन बसतात. उलट युक्रेनमध्ये सप्टेंबर 2025 मध्ये रशियाने एका रात्रीत 800 च्या वर सोडले, त्यात नुसते फसवायला पाठवलेले नकली पण होते, आणि हे रात्रीमागून रात्री चालतं. म्हणून ड्रोनची बाजू घेणाऱ्याने आधी फॅक्टरी, इंजिनं आणि चिप्स ह्यांचं बोलावं, एका पीसच्या किंमतीचं नंतर.

ब्रह्मोस कुठे लागतोच ते सांगतो. 290 किमीवरचं चालतं युद्धजहाज धरा. ब्रह्मोस मॅक 2.8 ने, म्हणजे आवाजाच्या 2.8 पट वेगाने, पाच-सहा मिनिटांत पोचतो, शाहेदला दीड तास, तेवढ्यात जहाज सत्तरेक किलोमीटर सरकलेलं असतं. साध्या ड्रोनला आधी भरून दिलेल्या नकाशावरच्या जागेवर जाऊन पडायचं एवढंच कळतं.

मधला तिसरा पर्याय लोक विसरतात, टार्गेटवर घिरट्या घालणारे ड्रोन. इस्रायलचा हारोप कॅमेऱ्याने बघतो, तासन् तास वर राहतो, ऑपरेटरला पटलं नाही तर हल्ला थांबवता येतो. 2020 मध्ये अझरबैजानने आर्मेनियाची एअर डिफेन्स फोडायला हे वापरले आणि ते आपल्याकडेही आहेत. रडार मारायचा असेल तर माझी पसंती ह्यालाच. आणि नागपूरचा नागास्त्र-1 तर पाठीवर नेता येईल एवढा, एक किलो स्फोटकं, हल्ला रद्द केला तर पॅराशूटने परत उतरतो. पण ती पायदळाची वस्तू आहे, शाहेदशी तुलना करू नका.

आता आमच्या गोव्याच्या दृष्टीने बोलतो, कारण मला ह्याची खरंच काळजी वाटते. 23 डिसेंबर 2023 ला केम प्लूटो हा केमिकल टँकर सौदीहून मंगळूरला येत होता, गुजरातच्या किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांवर त्याच्यावर असाच ड्रोन आदळला. आग लागली, ती विझली, जीव कोणाचा गेला नाही. बघायला नेव्हीचं पी-8आय विमान गेलं ते दाबोळीच्या आयएनएस हंसा ह्या नेव्हीच्या विमानतळावरून, आणि मदतीला वळवलेली युद्धनौका होती आयएनएस मुरगाव. मालवाहू जहाज संथ चालतं, तोफा नाहीत आणि स्वतःची जागा रेडिओवरून सगळ्यांना सांगत फिरतं. अशा जहाजांवर आमच्याकडच्या किती घरांतले तारवटी, म्हणजे खलाशी, असतात. त्यांच्यासाठी आपल्याकडे ड्रोन किती ह्यापेक्षा आलेला ड्रोन स्वस्तात पाडता येतो का हा प्रश्न मोठा.

म्हणून भाच्याला सांगितलं, दोन्ही बाजू सोड आणि पाडण्याच्या खर्चाची बाजू घे. मे 2025 मध्ये पाकिस्तानने एका रात्रीत 300 ते 400 ड्रोन पाठवले, तेव्हा जुन्या एल-70 विमानविरोधी तोफा नवीन रडार आणि कॅमेरे बसवून कामाला आल्या, तिथे गोळा लागतो, कोटींचं क्षेपणास्त्र नाही. युक्रेनवाले तर आता काही हजार डॉलरचे इंटरसेप्टर ड्रोन शाहेदच्या अंगावर सोडतात. आधी पैसा ह्यात, मग हारोपसारख्यांत, ब्रह्मोस जहाजं आणि पक्क्या टार्गेटसाठी मोजून ठेवायचे, आणि शाहेदसारखे हजारोंनी घ्यायचे तर त्याचं इंजिन इथेच बनायला लागल्यावर.