मुलाचा खर्च: आपसातला करार की कोर्टाचा आदेश?

वेगळं राहणाऱ्या आईवडिलांचं बोलणं चालू असेल तर लेखी करार लवकर होतो, शिवाय त्यात बारकावे बसतात: दरमहा ५ तारखेला आईच्या खात्यात रक्कम, फी वडिलांकडून थेट शाळेला, मेडिक्लेमचा हप्ता कोणाचा, दरवर्षी वाढ किती टक्के. ही वाढच लिहायची राहून जाते आणि फी वाढली की भांडण तिथूनच पेटतं. मोठी अडचण वेगळीच आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवरच्या करारावर थेट वसुली होत नाही. तो कोर्टात दाखल करून त्यावर आदेश घ्यावाच. ‘पुढे काही मागणार नाही’ असं आईने लिहून दिलं, तरी मुलाचा हक्क जात नाही.

पैसे थांबलेच असतील तर करारामागे धावू नका. ठाण्यात राहत असाल तर तिथल्या कुटुंब न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १४४ खाली पोटगीचा अर्ज करा, अंतरिम म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगीही लगेच मागा. दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आधीच काढून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, त्यामुळे उशिराचा प्रत्येक महिना मुलाच्या पदरचा जातो. थकबाकी वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत हवा.