रानातली न्हाणी: माचावरचे पिंप की झऱ्याची नळी?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, काजूच्या बागेत किंवा रानालगत शेतघर बांधणाऱ्यांना वीज नसताना उघड्यावरची न्हाणी करायची असते, तेव्हा दोन मार्ग पुढे येतात: उंचावर 200 लिटरचे पिंप ठेवणे किंवा वरच्या अंगाच्या झऱ्यावरून नळीने थेट पाणी आणणे.

दाबाचा हिशेब दोन्हींना सारखाच लागू पडतो. पाण्याची पातळी शॉवरपेक्षा 10 मीटर उंच असेल तर साधारण 1 बार दाब मिळतो. त्यामुळे माचावरचे पिंप शॉवरच्या मीटरभर वर असले तर दाब जेमतेम 0.1 बार राहतो. बारीक छिद्रांचा शहरी शॉवर एवढ्या दाबावर नुसता ठिबकतो, म्हणून झारीसारखे मोठ्या छिद्रांचे तोंड आणि एक इंची नळी घ्यावी. झरा 15 मीटर उंचीवर असेल तर पाण्याला शहरातल्या नळासारखा जोर येऊ शकतो. मात्र नळी लांब आणि अरुंद असली की घर्षणात बराच दाब जातो आणि वाटेत कुठे चढ-उतार राहिला तर तिथे हवा अडकून पाणीच थांबते.

पिंपाची खरी अडचण वजनाची आहे. भरलेले पिंप 200 किलोच्या वर जाते आणि लाकडी माचाच्या पायाला वाळवी लागायला फार काळ लागत नाही. त्यापेक्षा जांभ्या चिऱ्यांचे खांब बरे. त्याहून सोपे म्हणजे उतारावरच्या वरच्या बांधावर पिंप ठेवून न्हाणी खाली करावी. मग माच लागत नाही आणि घागरी घेऊन शिडी चढण्याचा खटाटोपही टळतो. एका अंघोळीला 20 लिटर धरल्यास भरलेले पिंप दहा जणांना पुरते.

झऱ्याची परीक्षा मात्र पावसाळ्यात करू नये, कारण आषाढात इथे प्रत्येक घळीतून पाणी वाहते. एप्रिलअखेर धार टिकलेली दिसली तरच नळी विकत घ्यावी. झरा वनखात्याच्या हद्दीत असेल, विशेषतः 2011 साली घोषित झालेल्या भीमगड अभयारण्यात, तर परवानगीशिवाय तो विचारच सोडावा.

ऊन पाणी हवे असल्यास छपरावर काळी नळी पसरता येते, पण एक इंची नळीच्या 50 मीटरमध्ये जेमतेम 25 लिटर मावते, म्हणजे एकाचीच अंघोळ, तीही दुपारची. शिवाय पहिली धार चटका देण्याइतकी तापलेली असू शकते. थंडीतल्या सकाळी बंबच हवा.

माझ्या मते बहुतेकांनी पिंपच निवडावे. बारमाही झरा असल्यास त्याची नळी पिंपात सोडावी, म्हणजे धार रोडावली तरी रात्रभरात पाणी साठते. आडोशाला कारवीचा कूड पुरेसा आहे. साबणाचे पाणी मात्र ओढ्यात न सोडता दगडगोट्यांनी भरलेल्या शोषखड्ड्यात मुरवावे आणि तो खड्डा विहीर व झरा या दोन्हींपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला खणावा.