कुकर की पिशवी? भूऔष्णिक विजेचं मॉडेल निवडताना

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की निपाणी-चिकोडी भागातले शिक्षक विचारतात, सर, भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या उष्णतेवरच्या, विजेचं कुठलं मॉडेल करू? मी कुकरचं नि पिशवीचं, दोन्ही करून बघितलीत.

पहिलं कुकरचं. शिट्टीच्या जागी बारीक तोटी, समोर पत्र्याचं चाक, त्याला छोटी मोटर नि एलईडी. खऱ्या केंद्रात १८० अंशांच्या वरचं पाणी दाब सुटताच अंशतः वाफ होतं, टर्बाईन म्हणजे वीज बनवणारं चाक फिरवतं. दिवा खरोखर लागतो, परीक्षक थांबतात. १९०४ मध्ये इटलीतल्या लार्देरेल्लोला जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे लावले होते, ती गोष्टही रंगते.

पण आमच्या शाळेचं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. वाफेबरोबर थेंब उडतात, तापल्या तोटीवर वाळतात आणि पांढरा थर धरतात. आदल्या दिवशी छान फिरलेलं चाक दुसऱ्या दिवशी मंदावलं. बघतो तर भोक सुईच्या टोकाएवढं उरलेलं. टाचणीनं कोरलं, तासाभरानं पुन्हा तेच. भोवती सातवीची पोरं आणि आत दाब वाढणारा कुकर! मी गॅस बंद केला तो कायमचा. मोठ्या केंद्रांनाही हेच छळतं: पाणी थंडावलं की त्यातली सिलिका नळ्यांत बसते.

दुसरं पिशवीचं, बायनरी म्हणजे दोन द्रवांच्या पद्धतीचं. यात जमिनीतलं पाणी टर्बाईनपर्यंत जातच नाही. ते फक्त आपली उष्णता पेंटेनसारख्या, ३६ अंशांना उकळणाऱ्या द्रवाला देतं, आणि चाक फिरवते त्या द्रवाची वाफ. अलास्कातल्या चेना इथं २००६ पासून जेमतेम ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते. आंबा घाट उतरून तुरळ-राजवाडीचे गरम पाण्याचे झरे पाहिलेल्या मुलांना हे लगेच पटतं. ते पाणी अंगाला सोसत नाही, पण वाफेच्या टर्बाईनला पुरत नाही.

मॉडेल साधं. झिपच्या जाड पिशवीत पेंटेनच्या जागी अर्धा चमचा ॲसिटोन घाला, हवा काढून तोंड घट्ट बंद करा, थर्मासमधल्या कढत पाण्यात धरा. ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं. जवळपास ज्योत नको, खिडक्या उघड्या, एवढं पाळा.

दिवा मात्र यात लागत नाही. बक्षिसावरच डोळा असेल तर कदाचित कुकर बरा, पण मग पाणी डिस्टिल्डच घ्या. माझ्या वर्गात पिशवी टम्म फुगली, गार पाण्यात बुडवताच चपटी झाली, तळाशी तेच ॲसिटोन जमलं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, काही संपलंच नाही की! परत फुगवू?"